घोडीशेजारची मोटार रिक्षा

कुंभकोणमात मोटार रिक्षा पहिल्यांदा आली ती माझ्या हातून. रबरी चाकांची, पेट्रोलच्या वासाची खरी गाडी त्या गावच्या रस्त्याला पुढे केव्हातरी लागली. त्याआधी ती सहा फूट लांब नि चार फूट उंच कापडावर बसून सगळं गाव फिरून आली होती. ते कापड मी रंगवलं. आणि रंगवलं तेव्हा मी मोटार रिक्षा जन्मात पाहिलेली नव्हती.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी वीस-एकवीस वर्षांचा, कोल्हापूरच्या पलीकडल्या एका खेड्यातला. शाळा सहावीत सुटली. सुटली असं आपण म्हणतो, जसा काही दोर हातातून निसटला. खरं तर मीच सोडली, आणि का म्हणून घरात कोणी विचारलं नाही. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे दोन-तीन वर्षं हात घासला, मग एका सर्कशीबरोबर निघालो. वाघ, सिंह, तारेवरची बाई, सगळं मी पडद्यांवर रंगवायचो. सर्कस दक्षिणेत उतरत उतरत कुंभकोणमला पोचली, तिथे मला विषमज्वर झाला, आणि तंबू उठला तेव्हा मला उठता येत नव्हतं. सर्कशीच्या मुकादमाने मला एका घराच्या ओट्यावर आणून बसवलं. "ही माणसं तुझ्यासारखं बोलतात," म्हणाला आणि गेला.

ती माझ्यासारखं बोलत नव्हती. मराठीच बोलत होती, पण मराठे तंजावरात आले तेव्हा जी बरोबर आणली ती, आणि मध्ये तिच्यात तमिळ मिसळून मिसळून जी झाली ती. तापात पहिले दोन दिवस मला वाटायचं, कोणीतरी उशाशी पोथी वाचतंय. "पेज पी. निजूं नको, आधीं पी." पोथी नव्हती, त्या घरची बाई होती. तिला मी काकी म्हणायला लागलो, तिच्या नवऱ्याला काका. गावात काकांना सगळे वाद्यार म्हणत, म्हणजे तमिळमध्ये गुरुजी. पण ते शाळेतले गुरुजी नव्हते, सिनेमाचे बोर्ड रंगवत. देवघरात विठोबा, एकादशीला भजन, आणि मागच्या अंगणात वाळत टाकलेली नटनट्यांची तोंडं, असं ते घर. बरा झाल्यावर मी त्यांच्याच शेडमध्ये ब्रश उचलला, आणि महिन्याभरात आम्हा दोघांनाही कळलं की माझा हात चांगला आहे. बढाई नाही मारत. त्या काळात मला खात्री अशी एवढ्या एकाच गोष्टीची होती. बाकी सगळ्याची धास्ती: भाषेची, काकीच्या घरात रोज मांडल्या जाणाऱ्या माझ्या पानाची, उद्याची. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याकडे नुसतं जेवून राहणं फार अवघड असतं. काम होतं म्हणून घास उतरायचा.

शेड टॉकीजच्या मागच्या अंगाला होती. तिची एक रीत होती. कुंभकोणमात देवाच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरतात, त्याला डोळे उघडणं म्हणतात. ती रीत काकांनी बोर्डांना लावलेली. नट असो, नटी असो, खलनायक असो, डोळे शेवटी, सकाळी आंघोळ करून, आणि काकांच्याच हातचे. त्यांचा उजवा खांदा धरलेला होता, मोठी रेघ ओढवत नसे, पण डोळ्यापुरता हात अगदी स्थिर. म्हणजे बोर्ड मी रंगवायचा आणि काकांनी त्याला जागं करायचं.

त्या दिवशी टॉकीजचे मॅनेजर स्वतः शेडमध्ये आले. हातात एक फोटो. पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचा. नायक मोटार रिक्षा चालवणारा.

"वाद्यार," मॅनेजर काकांना म्हणाले, "मद्रासचे लोक म्हणतात, आमच्याकडून तयार बोर्ड घ्या, छापील. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे माणसं आहेत. पण यात ही गाडी आहे. ही गाडी गावात कोणी पाहिलेली नाही." मग माझ्याकडे वळले. "तू मुंबईकडचा ना? तू पाहिली असशील."

कुंभकोणमात मी मुंबईकडचा होतो. मुंबई मीही पाहिलेली नव्हती, पण कोल्हापूर म्हटलं की तिथे कोणाला काही उलगडत नसे, म्हणून मुंबईकडचा. माझ्याजवळ सहावीचं प्रगतिपुस्तकसुद्धा नव्हतं. मुंबईकडचा असणं हीच माझी पदवी.

"पाहिली आहे, सार," मी म्हणालो.

"बसलायस?"

"बसलोय की."

"छान. पूर्ण बाजूने काढ. गाडी धावताना दिसली पाहिजे. बुधवारी सकाळी बोर्ड फिरायला निघेल." जाता जाता दारात थांबले. "पहिला आठवडा बघतो. चांगलं झालं तर पुढचंही काम इथेच. नाहीतर वाद्यार, मला मद्रासचं ऐकावं लागेल. मग वाईट वाटून घेऊ नका."

शेड बंद झाली तर काका-काकी पापनाशमला पुतण्याकडे गेले असते. तसं बोलणं घरात होऊन गेलं होतं. पुतण्याकडे माझं पान मांडलं गेलं नसतं. मला परतीची गाडी होती, आणि गावी जाऊन सांगण्यासारखं काही नव्हतं.

फोटो मी दहा वेळा पाहिला. नायक समोरून. दोन्ही हात शिंगांसारख्या दांड्यावर, मध्ये एक दिवा, खाली अर्धं चाक. मागचं सगळं नायकाच्या खांद्यांनी झाकलेलं. मागे दोन चाकं आहेत की एक, बसणारा कुठे बसतो, दार असतं की नसतं, काही कळायला मार्ग नाही. मी सायकल रिक्षा काढली, पुढे दिवा लावला, वर टप ओढला. काकी डबा घेऊन आली ती बघत उभी राहिली.

"हें काय रे? पाळण्यास चाकें लावलींस?"

विचारपूस सुरू केली, पण चोरून, कारण मी तर पाहिलेली होती. भजनाला एक वकील यायचे, काकीच्या नात्यातले, त्यांचं मद्रासला जाणं-येणं. ते म्हणाले, "बसलों होतों. परंतु मी कागद वाचीत होतों." तिरुनागेश्वरमच्या एक आजी एकादशीला येत. त्या मद्रासला डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, दवाखान्यातून मोटार रिक्षानेच परत आल्या होत्या. मी मोठ्या आशेने शेजारी जाऊन बसलो.

"कशी होती, आजी?"

"डोळ्यांस पट्टी होती रे बाळ. पण हलतें फार. पोटांतलें पाणी हलतें."

काका हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा कच्चा आराखडा हातात घेतला आणि खाली ठेवला.

"मजला खरें सांग. तूं पाहिलीस काय?"

"नाही, काका."

मला वाटलं आता ते घरी जायला सांगतील. ते कापडाला लावायचा सरस ढवळत राहिले. "लटिकें बोललास तें बोललास. आतां तें खरें कर. स्टेशनावर जा. जटकेवाल्यानें पाहिली आहे."

जटका म्हणजे आपल्या टांग्याचा तिकडचा भाऊ. दोन चाकं, वर कमानदार टप, आत गवतावर सतरंजी. हा जटकेवाला आमचाच माणूस. नवीन सिनेमा आला की त्याच्याच गाडीच्या एका बाजूला आमचा बोर्ड बांधायचा, पुढे एक ढोलवाला बसायचा, आणि गाडी गावभर नोटिसा उधळत जायची. गेली कित्येक वर्षं कुंभकोणमात कोणता सिनेमा लागला हे लोकांना त्याच्या घोडीने सांगितलेलं. पांढरी घोडी, कपाळावर तपकिरी ठिपका, एक कान जरा पडलेला. मुलं तिला नावाने हाक मारायची.

मी गेलो तेव्हा तो तिला हरभरा चारत होता. मी त्याला अण्णे म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ, तो मला तंबी, म्हणजे धाकटा.

"अण्णे," मी म्हणालो, "मद्रासला मोटार रिक्षा पाहिलीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"वाद्यार."

"पाहिली." तो घोडीलाच सांगितल्यासारखं बोलला. "भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. साखरपुडा राहिला बाजूला. स्टेशनाबाहेर उभा राहून दिवसभर तीच बघत होतो. बायको अजून बोलून दाखवते."

"कशी असते?"

"तुला कशाला?"

मी सांगितलं. बुधवारचा बोर्ड, नायक, मोटार रिक्षा. तो हरभऱ्याची पिशवी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

"म्हणजे तिचं चित्र माझ्या गाडीवर बांधणार. आणि ओढणार कोण? ही." घोडीच्या मानेवर त्याने हात ठेवला. "सवतीची पालखी हिनेच वाहायची, असं ना, तंबी? आणि मी पुढे बसून ढोल ऐकायचा. गावात ती गाडी आली की या स्टँडवर कोण उभं राहणार आहे, ठाऊक आहे तुला?"

दुसऱ्या कोणा जटकेवाल्याला विचारून उपयोग नव्हता, हा नाही म्हणाला की स्टँडवरचे सगळे नाही म्हणत. मी तिथेच बसून राहिलो. एक गिऱ्हाईक सोडून तो परत आला तरी मी बसलेलाच.

"अजून आहेस?"

"अण्णे, मी पाहिली म्हणून सांगून बसलोय."

तो पहिल्यांदा हसला. "मुंबईकडच्याने नाही पाहिली आणि कुंभकोणमच्याने पाहिली." हे त्याने शेजारच्या दोन जटकेवाल्यांनाही ऐकवलं. त्यांचं हसून झाल्यावर म्हणाला, "एक कर. चित्रात हिला घाल. हीच, दुसरी नाही. ठिपक्यासकट. आणि मोटारीच्या पुढे. मग सांगतो."

त्या वेळी त्याने हत्ती घाल म्हटलं असतं तरी मी घातला असता.

मग त्याने चाबकाच्या दांड्याने धुळीत काढून दाखवलं. मी आजवर अनेकांकडून वर्णनं घेऊन चित्रं काढली, पण असं पाहणारा दुसरा भेटला नाही. माणूस ज्याला भितो त्याच्याकडे तो नीट बघतो. पुढे एकच चाक, लहान, वर पत्र्याचं टोपण. चालवणारा मधोमध बसतो, पाय आत, धोतर चिखलात जात नाही. त्याच्या पाठीमागे आडवा बाक, दोन माणसं नीट, तिसरं रेटून. मागची दोन चाकं बाकाच्या खाली लपलेली. दार नाही. टप कापडाचा, "आपल्यासारखाच, तेवढं त्यांनी आपलं घेतलंय." आणि मापं सगळी घोडीची. टप किती उंच? हिच्या कानांएवढा, पडलेला नव्हे, उभा कान. लांबी? हिच्याहून हातभर जास्त. दिवा कुठे? हिच्या छातीशी. जवळ उभा राहून, मनातल्या मनात घोडी शेजारी उभी करून त्याने सगळं मापून आणलं होतं.

मी कापड ताणलं, सरस आणि खडूचा हात दिला, चौकटी आखल्या आणि कामाला लागलो. आता हाताला कुठे अडत नव्हतं.

अडलं ते वेगळ्याच जागी, नायकाशी. आम्ही गरीब नायक कितीतरी रंगवले होते: हातरिक्षा ओढणारा, ओझं वाहणारा, बैलाबरोबर राबणारा. गरीब माणूस रंगवायची एक ठरलेली रेघ असते, मानेपासून कंबरेपर्यंत वाकलेली. ती ओढली की खाली बरगड्या, घाम, दम सगळं आपोआप येतं, आणि बायका बोर्ड बघूनच डोळ्यांना पदर लावतात. इथे फोटोतला नायक ताठ बसलेला. खाकी सदरा, केस विंचरलेले, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही, आणि तरी तो गरीब. ताठ पाठीचा गरीब कसा रंगवायचा? दोनदा पुसला. वाकवला तर गाडी ओढतोय असं दिसे, ताठ केला तर मालक दिसे.

जटकेवाला घोडी कशी उतरतेय ते बघायला रोज यायचा. त्याला मी ही अडचण सांगितली.

"मी कसा बसतो?" तो म्हणाला. "मीही बसूनच चालवतो. मी वाकलोय कधी?"

त्याला समोरच्या पेटीवर बसवलं आणि त्याची पाठ नायकाला दिली. त्याला आवडलं नाही, पण हललाही नाही. आणि रेघ ओढता ओढता मला कळलं की लोकांना या गाडीत काय दिसणार आहे. खांद्यावर जू नाही, हातात दुसऱ्याचा लगाम नाही, आपल्या जागेवर बसून आपला रस्ता धरलेला माणूस. पुढे पुष्कळ सिनेमे आले, मोटार रिक्षावाला नायक नेहमीचाच झाला, शिट्ट्या घेऊ लागला. त्याचं गाणं निराळं, भांडण निराळं. पण मुळात लोकांनी टाळी वाजवली ती त्या पाठीला, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

बुधवारी सकाळी काकांनी आंघोळ करून, विठोबापुढे दिवा लावून डोळे उघडले. नायकाचे उघडले आणि ब्रश ठेवायला लागले.

"वाद्यार," जटकेवाला म्हणाला, "हिचे?"

काकांनी कापडावरच्या घोडीकडे पाहिलं, मग पुन्हा ब्रश बुडवला. जनावराचे डोळे त्यांनी आजवर कधी उघडले नव्हते, ते मीच करायचो. त्यांनी घोडीच्या डोळ्यात असा एक पांढरा ठिपका ठेवला की ती कापडावरून आमच्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात मॅनेजर आले. बोर्डासमोर उभे राहिले. गाडी बघितली, मान हलवली. नायक बघितला, मान हलवली. मग मान थांबली.

"घोडी कुठून आली?"

बाहेर खरी घोडी जुंपून उभी होती.

"सिनेमात घोडी नाही. एकाही प्रसंगात नाही. आणि पुढे? नायकाची मोटार घोडीला हरते आहे?"

"हरू दे की," जटकेवाला दारातून म्हणाला.

"पूस," मॅनेजर मला म्हणाले. "तासाभरात पूस. मागे रस्ता काढ, झाड काढ, काहीही काढ."

मी ब्रश पांढऱ्यात बुडवला, हे कबूल करतो. हात कापडापाशी नेला. काकांकडे बघितलं, ते म्हणाले, "बोर्ड तुझें आहे." एवढंच. जटकेवाल्याने बाहेर घोडीचा पट्टा सोडायला घेतला. पट्टा सुटला की बोर्ड शेडमध्येच राहणार, हे मला दिसत होतं. आणि घोडी पुसली तर बोर्डावर काय राहील तेही दिसत होतं. रिकाम्या रस्त्यावर एक तीन चाकांची वस्तू. खेळण्याएवढी की बसएवढी, कोणाला कळणार होतं?

माझं तमिळ तोवर मागण्यापुरतं आणि हो म्हणण्यापुरतं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यात भांडलो.

"सार, ही गाडी गावात कोणी पाहिलेली नाही. किती मोठी आहे ते लोकांना कसं कळणार? माणूस बसलेला आहे, त्यावरून कळत नाही. माणूस बैलगाडीतही बसतो. ही घोडी सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या शेजारी ठेवली की माप कळतं. घोडी गेली तर गाडीही गेली."

मॅनेजर एक डोळा मिटून हाताने घोडी झाकायचे, मग हात काढायचे.

"राहू दे," शेवटी म्हणाले. "पण पुढे नाही."

"पुढेच," जटकेवाला म्हणाला. "शब्द दिलाय त्याने."

"माझ्या टॉकीजचा बोर्ड आहे."

"माझी घोडी आहे."

घोडी मागे सरकवायला वेळ नव्हता. गाडी पुढे सरकवता येत होती. मी पुढचं चाक पुसलं आणि चार बोटं पुढे काढलं, त्याबरोबर टोपण आणि दिवाही. आता दिवा आणि घोडीचं नाक एका रेषेत आले. दोघांनी आपापल्या बाजूने बघून आपलंच पुढे आहे असं ठरवलं, आणि पट्टा परत बांधला गेला.

त्या चार बोटांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. गाडीचं नाक बगळ्यासारखं लांब झालं होतं. मला दिसत होतं, पण गावाला ते दिसणार नव्हतं. गावाला मोटार रिक्षा म्हणजे तीच. एका शिंप्याने पाटीवर मोटार रिक्षा काढून घेतली, लांब नाकाची. शाळेच्या भिंतीवर कोळशाने निघाल्या, लांब नाकाच्या. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या मांडतात. पुढल्या नवरात्रात देवदेवतांच्या खालच्या पायरीवर, मातीच्या वाण्याशेजारी, कुंभारांनी मोटार रिक्षा बसवली, आणि तिचं पुढचं चाक चार बोटं पुढे. मी एक विकत घेतली. अजून माझ्याकडे आहे. पुढे खरी गाडी आली तेव्हा स्टँडवरच्या एकाने तिच्याभोवती फिरून सांगितलं, की कारखान्याने पुढून जरा आखूड काढलीय.

बुधवारी बोर्ड बांधून जटकेवाल्याची गाडी निघाली. गुरुवारी पापनाशमच्या रस्त्याला जाऊन आली. लोक बोर्डाकडे बघत आणि मग ओढणाऱ्या घोडीकडे, आणि पुन्हा बोर्डाकडे. जटकेवाला हळू हाकत होता, एरवी इतका हळू कधी हाकला नसेल.

शुक्रवारी पहिल्या खेळाला मी मागे उभा होतो. नायक मोटार रिक्षा घेऊन पडद्यावर आला, शिट्ट्या झाल्या, आणि त्या ओसरताच जमिनीवर बसलेल्यांमधून एकजण ओरडला, "घोडी कुठे आहे?" सगळं थिएटर हसलं. दुसऱ्या खेळाला पुन्हा तेच. रविवारपर्यंत ती रीतच झाली: गाडी आली की जमिनीवरून कोणीतरी विचारायचं आणि खुर्च्यांवरून कोणीतरी उत्तर द्यायचं, "हरभरा खायला गेली." काही लोक हे बोलायला मिळावं म्हणून दुसऱ्यांदा येत होते, असं दारावरचा तिकीट फाडणारा सांगायचा. पण तो सांगायचा. मॅनेजर काही सांगत नव्हते. ते शेडवरून जायचे आणि आत बघायचे नाहीत.

मला जेवण जाईना. काकीने दही-भात पुढे सरकवला.

"तूं जेवला नाहींस तर मॅनेजराचें पोट दुखेल काय? जेव."

"काकी, काम गेलं तर तुम्ही पापनाशमला जाल."

"जाऊं तेव्हां जाऊं. तंववरी हा भात कोण खाईल?"

हसू आलं, आणि भात खाल्ला. पण त्या घरात कोणी मला कधी "तू काय करशील" असं विचारलं नाही, ते आता लक्षात येतं. विचारलं असतं तर वेगळा धरल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी मॅनेजर आले. हातात पाकीट. माझ्याकडे न बघता ते काकांच्या समोर बसले, पाकिटातून फोटो काढले आणि रंगाच्या डब्यांवर मांडले.

"पुढचा सिनेमा. यात जहाज आहे. नायक जहाजावरून परत येतो." मग बोट माझ्याकडे केलं. "विचारा तुमच्या मुंबईकडच्याला. मुंबईत जहाजं असतात. पाहिलंय का म्हणावं."

काकांनी मला विचारलं नाही. त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवले, आणि मला समजलं की हे उत्तर मीच द्यायचं आहे.

"नाही, सार," मी म्हणालो. "जहाज पाहिलेलं नाही. मुंबईही नाही. मोटार रिक्षासुद्धा पाहिलेली नव्हती."

मॅनेजरांनी फोटो उचलले, एकमेकांवर नीट ठेवले. ते परत पाकिटात घालणार असं मला वाटलं. हातांना काहीतरी हवं म्हणून मी एक कोरडा ब्रश पुसत होतो.

"बसलोय म्हणालास."

"हो, सार. म्हणालो."

"आणि मी मद्रासवाल्याला सांगितलं, आमचा माणूस त्यात बसून आलाय म्हणून इतकी हुबेहूब." मग त्यांनी फोटो डब्यांवर परत ठेवले, पाकीट घडी करून खिशात घातलं आणि ते उठले.

"मग जहाजही पाहू नकोस," म्हणाले. "बुधवारी पाहिजे."

ते गेल्यावर काकांनी सरसाचं भांडं चुलीवर चढवलं आणि मला कापड आणायला पाठवलं. या वेळी दोन बोर्डांचं, जटक्याच्या दोन्ही बाजूंना बांधायला.